रेघ राहू द्या

मोखाड्याला सूर्यमाळच्या पठारावर ट्रायपॉड रोवायचा, रात्रभर वीस-वीस सेकंदांच्या फ्रेम घ्यायच्या आणि घरी येऊन चार दिवस त्यातल्या रेघा पुसायच्या, हा आमच्या छंदातला शिरस्ता. रेघ म्हणजे उपग्रह किंवा मुंबईला उतरणारे विमान. ती पुसू नये असे म्हटले की मंडळी तुटून पडतात.

पहिला मुद्दा ठरलेला: ‘भिंगावर धूळ बसली तर पुसतोसच ना?’ पुसतो. पण धूळ भिंगावर असते, उपग्रह आकाशात. साडेपाचशे किलोमीटर उंचीवरचा उपग्रह एका फ्रेमच्या वेळात दीडशे किलोमीटर पळतो. त्याच्यावर ऊन पडलेले असते, म्हणूनच संध्याकाळी आणि पहाटे या रेघा जास्त. हे सगळे तिथे खरोखर घडलेले असते.

दुसरा मुद्दा जरा वजनदार: ‘शास्त्रज्ञही पुसतात.’ हो, पण कसे? मृगातल्या तेजोमेघाच्या साठ फ्रेम एकावर एक रचल्या की संगणक प्रत्येक बिंदूच्या साठ नोंदी ताडून बघतो. एकोणसाठ फ्रेमांत अंधार आणि एकीतच उजेड असेल, तर ती एक नोंद बाद. इथे निकाल साक्षींवर लागतो आणि मूळ फ्रेमही जपलेल्या असतात. त्याला माझी हरकत नाही, मीही तेच करतो. पण समोर साग, मागे डोंगर आणि खाली ‘मोखाडा, डिसेंबर’ असे लिहिलेल्या एकुलत्या फ्रेमवर ब्रश फिरवला, की सॉफ्टवेअर शेजारचे तारे उचलून ठिगळ लावते. मृगाच्या पोटात एखादा उपरा तारा येऊन बसतो. रेघ खरी होती, तारा खोटा. आणि याला म्हणे साफसफाई!

‘पण त्यात कुणाचे काय बिघडते?’ २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ आठवा. विदर्भापासून उत्तर महाराष्ट्रापर्यंत लोकांनी आकाशात जळत जाणारी रांग पाहिली, मोबाइलवर टिपली. आधी उल्का वाटली. पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरीत सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे सापडले आणि अभ्यासकांनी चिनी रॉकेटच्या अवशेषांकडे बोट दाखवले. त्या दिवशी नको असलेली रेघच पुरावा ठरली. मे २०१९ मध्ये स्टारलिंकचे पहिले साठ उपग्रह एकदम सुटले, आता ते हजारांत मोजावे लागतात. खालच्या उजेडाला निदान आवर घालता येतो. पेंचला दिवे झाकले, २०२४ मध्ये ते देशातले पहिले डार्क स्काय पार्क झाले. वर झाकण घालणार कोण? त्या गर्दीची नोंद आमच्यासारख्यांच्या कॅमेऱ्यात आपोआप होते, आणि आम्ही ती रात्री जागून खोडतो.

मुळात जव्हार-मोखाड्याचे आकाश ‘अस्पर्श’ दाखवायची हौस पाहुण्यांची. फोटोवर तसे लिहिले की चार लाइक जास्त पडतात. (मलाही पडले आहेत.)

असाच एक फोटो. पहाटेची वेळ, मृगातले तिकांडे पश्चिमेला कलले होते. आकाशातल्या दोन रेघा पुसल्यावर तळाशी, घाटरस्त्यावर, पिवळट रेघ राहिली होती. ओघात तीही पुसली. ती कशाची, हे मला माहीत होते. थोड्या वेळापूर्वी तो टेम्पो आमच्यापासून दहा फुटांवरून गेला होता: हंडे, गोधड्या, कोंबड्यांचे खुराडे आणि त्यांच्यावर बसलेली माणसे. दिवाळी झाली की इथली कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात, मुलांसकट. एका पोराने आमच्या कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला होता. चित्रात तो उजेड खटकत होता, एवढेच कारण.

मूळ फाइल सुदैवाने आहे. हल्ली तीच दाखवतो. रेघ वळणावर डोंगराआड जाते आणि पुढच्या फ्रेममध्ये, बरीच खाली, पुन्हा निघते.