गंगेला रिचार्ज मारता येत नाही

‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’ खेळलात का? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये आणलेला गेम. 2017 मध्ये किकस्टार्टरवर त्यांना हवे तेवढे पैसे मिळाले नाहीत, तरी या मंडळींनी तो पूर्ण केला. पुढे ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या इंडी गेम्समध्ये त्याला नॉमिनेशन मिळालं. ‘गेम डिझायनर होणार’ म्हटल्यावर आपल्याकडे अजूनही ‘बरं, आणि नोकरी?’ असंच विचारतात, त्यामुळे हे सॉलिडच!

राजीतलं भिंतीवरून पळणं थेट ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची आठवण करून देतं. महाल राजस्थानी थाटाचे, भिंतींवर पहाडी शैलीतली चित्रं आणि मधली गोष्ट सावल्यांच्या बाहुल्यांमधून. ते बघताना मला कुडाळजवळचं पिंगुळी आठवलं. तिथले ठाकर कलाकार पिढ्यान्‌पिढ्या चामड्याच्या बाहुल्या नाचवतात. परशुराम गंगावणेंना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. म्हणजे डोळ्यांना गेम एकदम आपला. बोटांना मात्र तोच ओळखीचा परदेशी!

माझं म्हणणं, प्रभाव चित्रात नको, खेळाच्या नियमात हवा. मी राजापूरचा, तर आमची गंगाच घ्या. शहराजवळच्या उन्हाळे गावात चौदा कुंडं आहेत, एरवी कोरडी. साधारण तीन वर्षांनी अचानक पाणी येतं, काही दिवस राहतं आणि न सांगता जातं. जमिनीखालच्या सायफनमुळे असं होत असावं, असा एक अंदाज. तीन वर्षांचा हिशेबही ती दर वेळी पाळत नाही. ‘गंगा आली’ असा फोन आला, की मुंबईतले चाकरमानी रजा टाकून एसटी पकडतात.

आता याचा गेम करा. पाणी आणणं खेळाडूच्या हातात नाही. लक्ष ठेवायचं, आणि दिसलं की दुसऱ्याला कळवायचं, बस्स. कितीही पैसे मोजा, गंगा लवकर येणार नाही.

मोबाइल गेम्स बनवणाऱ्या मित्राला हा फंडा ऐकवला. तो म्हणाला, ‘‘बॉस, युजर रोज परत यायला हवा. नाहीतर ॲप डिलीट!’’ त्याचंही खरं आहे, त्याचा पगार त्यावरच निघतो. म्हणून तर हे काम कुणातरी इंडीवाल्यानेच करायचं.

फक्त गंगा नसताना त्या कोरड्या कुंडांशी खेळाडूने करायचं काय, तिथे माझं घोडं अडलंय. मित्र म्हणतो, जाहिराती दाखव.