ख्रिस्ती मंडळीचा इतिहास आणि आपण



गेल्या वर्षावासात जामखेड तालुक्यातील एका विहारात ग्रंथालयासाठी पुस्तके निवडण्याची बैठक भरली होती. मी दिलेल्या यादीत ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासाची दोन पुस्तके होती. ती नावे वाचली जाताच एक तरुण कार्यकर्ते उठले आणि म्हणाले, "बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्म नाकारला. मग त्या धर्माचा इतिहास वाचून आपल्या मुलांनी करायचे काय?" टाळ्या पडल्या. दुसऱ्या एका गृहस्थांनी भर घातली, "त्यात वाचायचे आहेच काय? गोऱ्याची तलवार आणि दुष्काळातले धान्य, संपला इतिहास!" हशा झाला, आणि दोन्ही पुस्तके यादीतून वगळली गेली. हरलेल्या दाव्यात अपील करण्याची वकिलाला सवय असते. हे माझे अपील आहे आणि ते तुमच्यापुढे आहे.

'नाकारला' हा निकाल झाला. निकालाआधी दप्तर वाचावे लागते आणि साक्षी तपासाव्या लागतात. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास घोषणा केली, तिथपासून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास दीक्षा घेतली तिथपर्यंतच्या २१ वर्षांत बाबासाहेबांनी हेच केले. महाराष्ट्र शासनाने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेला त्यांच्या इंग्रजी लेखनाचा पाचवा खंड उघडून पाहा. त्यात एक प्रकरण अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणाविषयी आहे आणि दुसरे धर्मांतरिताच्या स्थितीविषयी. सेंट थॉमसच्या परंपरेपासून पोर्तुगीज, झेवियर, मदुरेचा डी नोबिली, डेन्मार्कच्या राजाने तरंगमबाडीला पाठविलेले मिशनरी, सेरामपूरचे केरी, इतकेच नव्हे तर मिशनऱ्यांना थारा न देणारे कंपनी सरकार, हे सारे त्यांनी क्रमाने तपासले आहे. जेथे श्रेय द्यायचे तेथे दिले आहे आणि जेथे कान धरायचा तेथे धरला आहे. पुढे १९५० मध्ये महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिताना, सेवेच्या मार्गाने धर्मप्रसार कसा करावा हे भिक्खूंनी जेझुइटांपासून शिकावे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ज्याने हे सर्व वाचून निकाल दिला त्याचे नाव घेऊन आपण न वाचण्याचा ठराव करतो, याला काय म्हणावे?

आणि हा इतिहास परक्यांचा आहे हे तरी कोणी ठरविले? डिसेंबर १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगर शहरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, आपले ठाणे घातले. १८४२ मध्ये तेथून 'ज्ञानोदय' निघू लागले. मिस सिंथिया फरार यांची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी नगरासच पाहिली आणि पुण्यास परतून आपली शाळा काढली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव सर्वांना ठाऊक असते, कारण ते ब्राह्मण होते. पण त्या मंडळीतील बहुसंख्य माणसे महारवाड्यातून आली. आपल्याच पणज्याचे सख्खे भाऊ, आपल्याच आजीच्या मावश्या त्यांत होत्या. आजही या जिल्ह्यात एकाच आडनावाची व एकाच मूळ गावची दोन घरे सापडतात. एका घरी बुद्धवंदना होते, दुसऱ्या घरी प्रार्थना होते, आणि सुखदुःखाला दोन्ही घरे चोरून एकमेकांकडे जातात. चोरून का जावे?

दुष्काळातल्या धान्याचा टोमणा मला विशेष खटकतो. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाच्या सुमारास मंडळीत येणाऱ्यांची संख्या वाढली हे खरे. पण भुकेल्याने धान्य घेतले म्हणून त्याला हसणाऱ्याने आधी हे सांगावे, की तेव्हा गावातील कोणत्या देवळाने महारवाड्याला पायलीभर ज्वारी घातली? धान्याबरोबर शाळाही आली. ज्या पोराला गावच्या शाळेच्या पायरीवर बसू देत नसत, ते अक्षर गिरवू लागले. जामखेडच्या माणसाला तर हे पुस्तकातून शिकण्याचीही गरज नाही. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य या दुष्काळी तालुक्यात आले. खेड्यांतील स्त्रियांना, त्यांत निरक्षर दलित स्त्रियांनाही, त्यांनी आरोग्यसेविका केले. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ते काम नाकारणारा माणूस जामखेडात मला अद्याप भेटलेला नाही.

याचा अर्थ मंडळीची बाजू घेऊन वाचा असा नाही. ज्या पंथाचा रोमन साम्राज्याने छळ केला त्याला ३१३ मध्ये मोकळीक मिळाली, ३८० मध्ये तोच साम्राज्याचा धर्म ठरला, आणि अवघ्या पाच-सहा वर्षांत प्रिसिलियन नावाच्या बिशपचे डोके उडविले गेले. आरोप चेटुकाचा ठेवला होता, राग मतांचा होता. तूरचे बिशप मार्टिन यांनी याला विरोध केला, हेही त्याच इतिहासात लिहिलेले आहे. गोव्यात १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' छापून निघाले. त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनची कचेरी चालू होती आणि मधला थोडा खंड सोडला तर ती १८१२ पर्यंत चालली. छळला गेलेला धर्म सत्तेच्या मांडीवर बसला की काय होते, ते येथे तारखांसह पाहावयास मिळते. हे फक्त त्यांच्यातच घडते असे ज्यांना वाटते त्यांनी २०१७ सालचे म्यानमार आठवावे.

वाचायचे ते मात्र पुरावा पाहून. आपल्या सभांतून एक गोष्ट हमखास सांगितली जाते, की येशू हिंदुस्थानात येऊन बौद्ध भिक्खूंपाशी शिकला. तिचा उगम निकोलाय नोटोविच नावाच्या प्रवाशाच्या १८९४ च्या पुस्तकात आहे. लडाखच्या हेमिस मठात आपण जुनी पोथी पाहिली असे त्याने लिहिले. पुढच्याच वर्षी आग्र्याचे प्राध्यापक डग्लस त्या मठात गेले, तेव्हा अशी पोथी येथे नाही असे मठाच्या प्रमुख लामाने सांगितले. मठाचाच लामा साक्ष देऊन गेला असता, आपण बौद्ध म्हणविणारे ती थाप अजून का वाहतो? खरी गोष्ट याहून मौजेची आहे. सिद्धार्थाच्या गृहत्यागाची कथा देशोदेशी, भाषेमागून भाषेत फिरत युरोपात पोहोचली, 'बोधिसत्त्व' या शब्दाचा अपभ्रंश होत होत 'जोसाफत' झाला, आणि रोमच्या मंडळीने २७ नोव्हेंबर हा दिवस संत जोसाफतच्या नावे लावला. कित्येक शतके ख्रिस्ती लोक नकळत बुद्धालाच संत मानत होते!

दस्तऐवज कसा तपासावा याचा धडाही याच इतिहासात आहे. पश्चिमेकडील साम्राज्य सम्राट कॉन्स्टंटाइनने पोपला दान दिले असे एक दानपत्र मंडळी पुढे करीत असे. १४४० मध्ये लोरेन्झो व्हाला या विद्वानाने त्यातील भाषा तपासली. त्या काळच्या रोममध्ये अशा लेखात जे शब्द येणे शक्यच नव्हते, ते त्यात सापडले. दानपत्र पुढच्या शतकांत कोणीतरी रचलेले होते. आमच्या जामखेडच्या कोर्टात जुन्या तारखेचे खरेदीखत नव्या भाषेत लिहिलेले निघाले म्हणजे मला व्हालाची आठवण येते. तो पोपचा शत्रू म्हणून नव्हे, बारकाईने वाचणारा म्हणून जिंकला. पुढे पोपच्याच दरबारी त्याला नोकरी मिळाली, ही आणखी एक गंमत.

आता मुख्य मुद्दा. धर्म बदलल्यावर जात जाते काय, हा प्रश्न आपल्यापूर्वी साडेतीनशे वर्षे ख्रिस्ती मंडळीपुढे उभा राहिला. मदुरेच्या डी नोबिलीने उच्च जातींना जवळ करण्यासाठी स्वतः संन्याशाचा वेष घेतला, आणि १६२३ मध्ये पोप पंधराव्या ग्रेगरीने धर्मांतरितांना जानवे व शेंडी ठेवण्यास अटींवर मुभा दिली. उलट १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी मंडळीतून जात तात्काळ व कायमची काढून टाका असा हुकूम काढला, तर दक्षिणेत शेकडो माणसे मंडळी सोडून गेली. तमिळनाडूतील वडक्कनकुळम येथे १८७२ मध्ये जे चर्च बांधले त्यात दोन जातींसाठी दोन दालने होती आणि मध्ये भिंत होती. ती १९१० मध्ये पडली. दक्षिणेतील अस्पृश्य ख्रिस्ती लोकांनी सायमन कमिशनपुढे मांडलेली कैफियत बाबासाहेबांनी त्या पाचव्या खंडात दिली आहे.

ही भिंत आज कायद्यातही उभी आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जात हिंदूंपुरती ठेवली. १९५६ मध्ये शीख आले आणि १९९० मध्ये आपण आलो. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. मद्रासच्या रस्त्याकडेला जोडे शिवणारा सूसाई हा आदि-द्रविड ख्रिस्ती होता. सरकारी योजनेत चर्मकारांना फुकट टपऱ्या मिळाल्या, त्याला मिळाली नाही, म्हणून तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८५ मध्ये न्यायालयाने सांगितले की, पूर्वीची जात दाखविणे पुरेसे नाही, नव्या धर्मातही तीच हालअपेष्टा तितक्याच तीव्रतेने चालू आहे याचा पुरावा हवा. पुरावा अपुरा म्हणून सूसाई हरला. वाचकहो, तो पुरावा म्हणजेच मंडळीचा इतिहास! ती भिंत, ते जानवे, ती कैफियत. ज्या धर्मगुरूंनी 'आमच्यात जात नाही' असे अभिमानाने सांगितले, त्यांनी आपल्याच गरिबाचा दावा दुबळा केला. पुढे २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने ही धर्माची अट काढावी अशी शिफारस केली, आणि २०२२ मध्ये याच प्रश्नावर न्या. बालकृष्णन आयोग नेमला गेला.

'वाटेकरी वाढतील' या भीतीने आपल्यातील पुष्कळजण येथे गप्प बसतात. वाटेकरी वाढत असतील तर टक्का वाढवून मागावा, त्याला कोणी अडविले आहे? दीक्षा घेतली म्हणून गावाने आपल्याला विहिरीवर येऊ दिले नाही, हे सांगत आपण १९५६ ते १९९० अशी ३४ वर्षे भांडलो. तोच युक्तिवाद चुलतभावाने केला की तो खोटा कसा ठरतो?

आणि भिंत काय फक्त त्यांच्याच घरात आहे? दोन वर्षांपूर्वी मातंग समाजातून दीक्षा घेतलेले एक कुटुंब माझ्या कचेरीत आले होते. काम जमिनीचे होते. काम आटोपल्यावर बाप हळूच म्हणाला, "साहेब, पोरीचं स्थळ मोडलं. पोरगा बौद्ध, आम्ही बौद्ध. पण ते म्हणाले, तुमची दीक्षा झाली खरी, पण तुम्ही मूळचे कोण?" मुलगी बारावीला तालुक्यात पहिल्या पाचांत होती. ती बाहेर बाकावर बसून ऐकत होती. मी त्या माणसाला काय उत्तर द्यावे? येथे कलम लागत नाही. वडक्कनकुळमच्या भिंतीची हकिकत मला त्या दिवशी ठाऊक असती, तर निदान ते स्थळ मोडणाऱ्या घरी जाऊन ती सांगितली असती. मी ती त्यानंतर वाचली.

येत्या पौर्णिमेला विहाराची बैठक पुन्हा आहे. मी तीच यादी पुन्हा ठेवणार आहे आणि पाचवा खंड खुणा घालून सोबत नेणार आहे. ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांच्यासाठी दर रविवारी वंदनेनंतर चार पाने मराठीतून सांगण्याचे काम मी पत्करतो. त्या तरुण कार्यकर्त्यांनी विरोध जरूर करावा. फक्त ती दोन प्रकरणे वाचून यावे.