आवाज कशाचा, ते आधी सांगा

विमान सुटण्याआधी पट्टा कसा बांधायचा, ऑक्सिजनचा मास्क कसा ओढायचा, हे सगळं करून दाखवतात. पण उडताना कोणकोणते आवाज येणार, हे कुणीच सांगत नाही. ते सांगायला हवं, आणि नांदेडहून उडणाऱ्या विमानात मराठीतून सांगायला हवं.

आवाजाची धास्ती काय असते, हे लातूर जिल्ह्याला वेगळं सांगावं लागत नाही. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे भूकंपात किल्लारी भागातली माणसं झोपेतच गाडली गेली. फेब्रुवारी 2023मध्ये लातूरच्या विवेकानंद चौक परिसरात जमिनीतून गूढ आवाज आले, तेव्हा सगळ्यांच्या मनात तीच पहाट होती. भूकंपाची नोंद नाही, असं प्रशासनाने लगेच कळवलं. असं कळवण्याला फार मोल असतं.

माझी माय भूकंपानंतर कितीतरी रात्री लातूर जिल्ह्यातल्या मुरुडला अंगणातच झोपायची. पुढे आम्ही दोघी नांदेडहून भावाकडे बेंगळुरूला निघालो, तेव्हा विमानाने जमीन सोडली आणि पायाखाली धाडकन वाजलं. तिने माझं मनगट करकचून धरलं.

“काय निखळलं गं?”

“काही नाही माय, चाकं पोटात घेतली.”

पकड सैल झाली. मी शाळेत विज्ञान शिकवते म्हणून मला सांगता आलं. पलीकडच्या ओळीत एक आजोबा डोळे घट्ट मिटून बसले होते. त्यांना कोण सांगणार?

सांगायचं तरी किती? उड्डाणानंतर थोड्याच वेळात इंजिनाचा जोर मुद्दाम कमी करतात. आवाज एकदम उतरतो आणि विमान खाली चाललंय असं वाटतं. पंखांच्या पट्ट्या आतबाहेर होताना घरघर होते. एअरबस 320मध्ये जमिनीवर असताना कुत्रं भुंकल्यासारखा आवाज येतो, तो दोन हायड्रॉलिक यंत्रणांमधला दाब सांभाळणाऱ्या यंत्राचा. पावसाळ्यात छताजवळून पांढरे लोट निघतात, तो धूर नसतो. दमट हवा गार होऊन झालेलं धुकं असतं.

एवढं सांगितलं तर लोक उगाच घाबरतील, असं काहींना वाटतं. मला हे पटत नाही. 8 जानेवारी 1989ला इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ बोइंग 737 कोसळलं. डाव्या इंजिनातून निघणाऱ्या ज्वाळा प्रवाशांनी पाहिल्या होत्या. वैमानिकांनी चांगलं असलेलं उजवं इंजिन बंद केलं आणि बिघाड उजवीकडे असल्याचं जाहीरही केलं. पाहणारे बुचकळ्यात पडले, पण कुणी बोललं नाही. 47 जण गेले. नेहमीचं काय ते ठाऊक असलेला माणूसच वेगळं काही दिसलं तर धीटपणे सांगेल.

आणि सूचनेत नुसतं भीतीचंच नको. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दिसणारं इंद्रवज्र विमानातूनही दिसतं. सूर्याच्या विरुद्ध बाजूला बसलेल्यांनी खाली ढगांवर विमानाची सावली शोधायची, तिच्याभोवती रंगीत कडं असतं. हेही सांगा. दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग पुरेल. नांदेडच्या प्रतीक्षागृहात विमानाची वाट पाहताना ते मराठीत ऐकवायला सुरुवात करता येईल.