दिवसाला एक मिलिमीटर

परवा एका लग्नात जुने स्नेही भेटले. ख्यालीखुशाली झाली आणि त्यांची नजर माझ्या डाव्या हाताकडे गेली. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग तिथे खोलगट झाला आहे, करंगळी वाकलेली आहे. "संधिवात का हो?" त्यांनी विचारले. "नाही, काच," मी म्हटले आणि पंगत बसेपर्यंत हकीकत सांगत राहिलो. ती इथेही सांगतो, कारण अशी काच कुणाच्याही घरात फुटू शकते.

२०११ च्या पावसाळ्यात खिडकी पुसताना तावदान निखळले आणि कोपराच्या जरा खाली, हाताच्या आतल्या बाजूला खोल जखम झाली. जवळच्या दवाखान्यात रक्त थांबवले, टाके घातले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. करंगळी बधिर आहे, असे मी दोनदा सांगितले. "सूज उतरली की येईल जाग," असे उत्तर मिळाले आणि मीही ते मानले. जखम सुरेख भरली. बधिरपणा मात्र गेला नाही. पुढे सदऱ्याचे बटण लावताना बोटे अडखळू लागली, चिमटीतून किल्ली निसटू लागली. मोठ्या शहरातल्या शल्यविशारदांकडे पोहोचेपर्यंत सात महिने उलटले होते.

त्यांनी दोन मिनिटांत निदान केले. करंगळीकडे जाणारा मज्जातंतू पूर्ण तुटला होता. पहिल्या दिवसांत दोन्ही टोके एकमेकांना शिवता आली असती. आता ती आक्रसली होती, वरच्या टोकाला गाठ धरली होती. गाठ काढल्यावर मध्ये चार सेंटिमीटरची दरी उरली. ती सांधण्यासाठी पोटरीमागचा एक मज्जातंतू काढावा लागला. हाताच्या जाणिवेसाठी पावलाच्या बाहेरच्या कडेची जाणीव कायमची दिली. "यापेक्षा दुसरा काही उपाय नाही का?" मी विचारले. "नळी असते. पण तुमच्या दरीला ती पुरायची नाही," डॉक्टर म्हणाले. त्या नळीने मला या विषयाच्या नादी लावले.

मज्जातंतू तुटला म्हणजे विजेची तार तुटली, अशी आपली समजूत असते. पण तार जोडली की दिवा लगेच लागतो. इथे तसे होत नाही. १८५० मध्ये ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेच्या मज्जातंतूवर प्रयोग करून दाखवले, की कापल्यावर पलीकडचा तंतू मरतो. त्याच्या भोवतीच्या आवरणाच्या पेशी मात्र उरतात आणि रांगेत उभ्या राहून जणू रिकामी पन्हळ तयार ठेवतात. अलीकडच्या जिवंत टोकाला कोंब फुटतो आणि तो त्या पन्हळीतून पुढे सरकतो. स्पेनच्या रामोन इ काहाल यांनी १८९० मध्ये या वाढत्या टोकाचे वर्णन केले. त्याचा वेग दिवसाला सुमारे एक मिलिमीटर. मध्ये दरी असली, तर कोंब भरकटतो आणि स्वतःभोवती गुंडाळून त्याची गाठ होते.

मग दरीत वाट का घालून देऊ नये? हा विचार जुनाच. एकोणिसाव्या शतकात जनावरांवर हाडाच्या पोकळ नळ्या वापरून पाहिल्या गेल्या. १९८० च्या दशकात स्वीडनच्या गोरान लुंडबोर्ग यांनी उंदरांमध्ये सिलिकोनच्या नळीने १० मिलिमीटरची दरी भरून दाखवली. १५ मिलिमीटरची मात्र भरेना. शिवाय सिलिकोन विरघळत नाही, पुढे तंतूलाच आवळते. तेव्हा शास्त्रज्ञ वळले शरीरात विरघळणाऱ्या पॉलिमरकडे, ज्याच्या धाग्याने आपले आतले टाके घालतात त्याच जातीच्या पदार्थाकडे. १९९० मध्ये सुझन मॅकिनन आणि ली डेलन यांनी अशा नळीने १५ रुग्णांच्या बोटांतल्या तंतूंची दुरुस्ती प्रसिद्ध केली आणि १९९९ मध्ये तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. आजही साधी पोकळ नळी तीन सेंटिमीटरच्या पुढे फारशी भरवशाची नाही, आणि दरी जितकी लहान तितके यश जास्त.

हे काम किती नाजूक आहे, ते घर बांधणाऱ्याला सांगावे लागत नाही. स्लॅबचे सेंटरिंग लवकर काढले तर छत खाली येते आणि काढलेच नाही तर घरात राहता येत नाही. नळी तंतू पलीकडे पोहोचेपर्यंत टिकावी, मग निमूटपणे नाहीशी व्हावी. विरघळताना आम्ल सोडून आजूबाजूला दाह करू नये. सांध्याजवळ वाकताना चेपू नये, पण इतकी ताठही नसावी की तंतूला काचेल. भिंतीतून पोषण आत यावे, व्रणाच्या पेशी येऊ नयेत. लांब दरीसाठी आता नळीत केसाहून बारीक धागे एका दिशेने ओढून बसवतात, म्हणजे कोंबाला धरायला काही मिळते. वाढीला चालना देणारी प्रथिनेही घालतात. पण ती एकाच जागी जास्त झाली, तर मिठाईच्या दुकानापाशी पोर रेंगाळावे तसा कोंब तिथेच अडकून बसतो.

मज्जारज्जूचे कोडे याहून अवघड. तिथले तंतू आपणहून वाढत नाहीत. मात्र १९८१ मध्ये मॉन्ट्रियलच्या अल्बर्ट अग्वायो यांच्या प्रयोगशाळेने उंदराच्या मज्जासंस्थेत पायाच्या मज्जातंतूचा तुकडा पुलासारखा बसवला, तेव्हा ते तंतू त्यातून लांबवर वाढले. वाढायची ताकद होती, परिसर अनुकूल नव्हता. यातूनच पाठीच्या कण्यात बसवायच्या विरघळत्या आधाराची कल्पना पुढे आली. अमेरिकेत त्याची माणसांवर चाचणी झाली, पण २०२३ मध्ये जाहीर झालेले निष्कर्ष निराशाजनक होते. 'अर्धांगवायूवर रामबाण' अशी जाहिरात वाचून जमीन विकायला निघालेल्या कुटुंबांनी हे लक्षात ठेवावे.

मग या संशोधनावर पैसा घालावा की नाही? जरूर घालावा, आणि आपल्याकडेही घालावा. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने चिकाटीने हृदयाची देशी झडप बनवली. १९९० मध्ये ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली. नळीबाबतही ते अशक्य नाही. पण माझे म्हणणे वेगळे आहे. उत्तमात उत्तम नळीसुद्धा गेलेला वेळ परत आणत नाही.

माझाच हिशेब मांडतो. कोपराखालून पंजाच्या स्नायूंपर्यंत साधारण २५ सेंटिमीटर, म्हणजे २५० दिवसांची वाट. त्याआधी मी घालवलेले २१० दिवस. बेरीज ४६०. आणि तंतूविना पडून असलेला स्नायू वाट पाहतो ती वर्ष-दीड वर्ष. जितका उशीर, तितकी ताकद कमी परतते. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर दर महिन्याला हातावर टिचकी मारत खाली येत. जिथे झिणझिण्या येत तिथवर तंतू पोहोचला, असे समजायचे. पत्नी तिथे बॉलपेनने निळी रेघ ओढायची. दर महिन्याला रेघ तीनेक सेंटिमीटर पुढे सरके आणि घरात सणासारखे वाटे. अखेर करंगळीला ऊन-गार कळू लागले. पंजाचे बळ मात्र आले नाही. तंतू पोहोचला, तेव्हा स्नायूंनी दार लावून घेतले होते.

म्हणून जखम शिवणाऱ्या प्रत्येकाने सुई हातात घेण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात: डोळे मिटायला सांगून बोटांना कापूस लावून पाहावा, आणि बोटे फाकवायला सांगावीत. याला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. आणि काच, कोयता, मांजा लागल्यावर बोट बधिर राहिले, तर घरच्यांनी 'येईल जाग' यावर समाधान मानू नये. त्याच आठवड्यात हाताच्या शल्यविशारदांना गाठावे.

एवढे सांगून होईतो पंगतीत पाने मांडली होती. स्नेही गप्प झाले होते. मग हळूच म्हणाले, "आमच्या नातवाला संक्रांतीला मांजा कापला. बोटाचं टोक अजून झोपलंय म्हणतो. आम्ही म्हटलं, लहान आहे, होईल."

संक्रांत होऊन सात आठवडे झाले होते. अंतर लहान होते, दरीही लहानच असणार. अशाच बोटांसाठी तर ती नळी मान्य झाली. मी त्यांना पानावर बसू दिले नाही. आधी मुलाला फोन करायला लावला.