छंदाच्या रकान्यात हरवलेलं काम

आमच्या संस्थेत कार्यकर्त्यांची निवड करायची असली की आलेले अर्ज वाचण्याचं काम माझ्याकडे असतं. मुलींच्या अर्जांत एक ओळ हमखास सापडते : 'छंद – वाचन'. मुलाखतीत थोडं खोदून विचारलं की कळतं, यातली एखादी दोन वर्षं गावच्या वाचनालयात दर रविवारी देवघेवीच्या टेबलावर बसत होती. सभासदांची नोंदणी करत होती, वर्गणीच्या पावत्या फाडत होती, मुलांना गोष्टी वाचून दाखवत होती. 'मग हे अर्जात का नाही लिहिलंस?' असं विचारलं तर उत्तर येतं, 'ते काय काम आहे का मॅडम? ते असंच.'

हे 'असंच' आपल्या चांगलं ओळखीचं आहे. स्वयंपाक असंच, पाणी भरणं असंच, आजारी सासूचं करणं असंच. ज्या कामाला पगार नाही आणि जे बाई करते, त्याला नाव द्यायचंच नाही, ही आपली जुनी रीत. गणेश मंडळात वर्गणी गोळा करणारा तिचाच भाऊ अर्जात 'कार्यक्रमाचे नियोजन व नेतृत्व' असं लिहितो. तो खोटं लिहितो असं मी म्हणत नाही. त्याला आपल्या कामाला नाव द्यायला कुणीतरी शिकवलं, तिला शिकवलं नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

वाचनालयातलं काम म्हणजे नुसतं खुर्चीवर बसणं नव्हे. दाखल नोंदवहीत पुस्तक चढवायचं, विषयानुसार क्रमांक टाकायचा, कपाटात जागेवर लावायचं, वर्षातून एकदा पडताळणी करून हरवलेल्याची यादी काढायची. विलंब शुल्कावरून चिडलेल्या सभासदाला शांत करायचं. काय हवंय ते धड सांगता न येणाऱ्या माणसाला नेमकं पुस्तक काढून द्यायचं. कार्यालयांना, बँकांना, शाळांना, आमच्यासारख्या संस्थांना माणसं हवी असतात ती हीच कामं येणारी.

आता दुसरी बाजू. महाराष्ट्रात 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली अकरा हजारांहून अधिक वाचनालयं आहेत. त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग. 2022 मध्ये अनुदानात 60 टक्के वाढ झाली, त्यानंतर ड वर्गाला वर्षाचे 48 हजार रुपये ठरले. म्हणजे महिन्याला चार हजार. त्यात माणसाचा पगार, वर्तमानपत्रं, वीजबिल आणि पुस्तकं! ही तूट कोण भरून काढतं? अनेक ठिकाणी गावातल्या मुली. वाचनालय 'सुरक्षित' म्हणून घरचे पाठवतात, फुकट म्हणून संचालक मंडळ ठेवून घेतं. आणि एखादीने प्रमाणपत्र मागितलं की ऐकवलं जातं, 'सेवेचा मोबदला मागायचा नसतो.'

हे ऐकवणाऱ्यांना एकच विचारते. देणगीदाराच्या नावाची पाटी तुम्ही भिंतीवर लावता ना? मग देणगीची नोंद चालते आणि श्रमाची चालत नाही, हे कुठलं तत्त्व? ती पैसे मागत नाही. तिने जे केलं ते केलं म्हणून लिहून द्या, एवढंच मागते.

या नोंदीचा उपयोग कुठे होतो, तेही स्पष्ट बोलू या. सीईटीच्या गुणांवर होणाऱ्या प्रवेशात किंवा एमपीएससीच्या लेखी परीक्षेत तिला गुण नाहीत. कुणी तसं आश्वासन देत असेल तर विश्वास ठेवू नका. पण जिथे मुलाखत असते, स्वतःविषयी लिहून द्यायचं असतं, तिथे तिला वजन आहे : समाजकार्याचे अभ्यासक्रम, फेलोशिप, स्वयंसेवी संस्था, शाळा, खासगी नोकऱ्या, परदेशी विद्यापीठं. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांचे 240 तास मोजले जातातच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या आराखड्यात समाजात जाऊन केलेल्या कामाचं एक क्रेडिट म्हणजे 30 तास असं गणित आहे. आठवड्याचे चार तास पंधरा आठवडे केले की साठ तास होतात. हे काम वाचनालयात करून त्यात धरता येईल का, हे कॉलेजात आधीच विचारून घ्या. नंतर विचारलं तर नाही म्हणणं सोपं असतं.

आणि लिहायचं कसं? 'वाचनाची आवड' असं नाही. 'सार्वजनिक वाचनालय, जून ते मार्च, आठवड्याला चार तास. बालविभागाची देवघेव सांभाळली. चारशे पुस्तकांची पडताळणी केली. शनिवारी गोष्टींचा तास सुरू केला.' आकडे खरे असावेत, कारण मुलाखतीत त्यावरच प्रश्न येतात. रोज घरी एका वहीत तारीख, तास आणि केलेलं काम लिहीत गेलात तर आकडे शोधावे लागत नाहीत.

आपल्या चळवळीतल्याच काही मैत्रिणी इथे मला अडवतील. म्हणतील, 'बायकांच्या फुकट श्रमाविरुद्ध आपण लढतो आणि तू मुलींना फुकट राबायला सांगतेस?' आक्षेप रास्त आहे. म्हणूनच मर्यादा आधी आखायला हवी. पगारी माणसाची जागा रिकामी ठेवून तिथे स्वयंसेविका बसवणं मान्य नाही. आठवड्याला चार-पाच तासांहून अधिक काम नको. झाडू मारणं आणि चहा करणं हे फक्त मुलींच्या वाट्याला नको. येण्याजाण्याचा खर्च मिळावा. कॉलेजच्या ग्रंथालयात असाल तर आधी 'कमवा व शिका' योजनेतून काम मागा. तिथे तासाचे पैसे मिळतात. आणि जिला सुट्टीत शेतमजुरीला किंवा शिवणकामाला जावं लागतं, तिला वाचनालयात फुकट बसणं परवडत नाही. तिची मजुरी हाही अनुभवच. तीही अर्जात लिहिली पाहिजे, आणि निवड करणाऱ्या आम्ही ती तितक्याच आदराने वाचली पाहिजे. नाहीतर स्वयंसेवेचं प्रमाणपत्र ही पोटभर जेवणाऱ्या घरातल्या मुलींची आणखी एक सवलत होऊन बसेल.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. काम सुरू होताना वाचनालयाने लेखी पत्र द्यावं : काम कोणतं, तास किती, जबाबदार कोण. काम संपल्यावर तपशिलासह प्रमाणपत्र द्यावं. 'वर्तणूक चांगली' एवढी एक ओळ चालणार नाही. संचालक मंडळावर स्त्रिया असाव्यात, नावापुरत्या नव्हे. आणि सरकारने अनुदान इतकं तरी द्यावं की वाचनालयाचा पाया मुलींच्या फुकट श्रमावर उभा राहू नये.

मैत्रिणींनो, तुमच्या महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत गावातल्या वाचनालयाचा विषय घ्या. तिथे कोण मुली काम करतात, किती वर्षं करतात, त्यांच्या हातात काय कागद आहे, ते विचारा. कागद नसेल तर दोघी-तिघी मिळून अध्यक्षांकडे जा आणि तो घेऊनच या.