अब्रू शहराची की माणसाची?

महिलांची एकदिवसीय विश्वचषक क्रिकेट स्पर्धा २०२५ च्या सप्टेंबरअखेर भारत व श्रीलंका या देशांत सुरू झाली. स्पर्धा रंगात आलेली असतानाच २३ ऑक्टोबर रोजी इंदुरात एक संतापजनक प्रकार घडला. ऑस्ट्रेलियाच्या दोन खेळाडू सकाळच्या वेळी हॉटेलातून निघून पायी एका कॅफेकडे चालल्या होत्या. मोटारसायकलवरून आलेल्या एका इसमाने त्यांचा पाठलाग केला व विनयभंग केला. रस्त्यावरच्या एका माणसाने गाडीचा क्रमांक टिपून ठेवला आणि पोलिसांनी दुसऱ्याच दिवशी संशयितास अटक केली. पोलिसांच्या या तत्परतेबद्दल आणि त्या जागरूक नागरिकाबद्दल कुणालाही समाधानच वाटेल. परंतु त्यानंतर वृत्तपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून जी चर्चा झडली, तिच्याविषयी मला दोन शब्द लिहावेसे वाटतात.

त्या चर्चेत सर्वांत मोठा आवाज होता तो बदनामीचा. शहराच्या नावाला काळिमा लागला, जगापुढे देशाची मान खाली गेली, परदेशी लोक आता काय म्हणतील! स्वच्छतेत सलग अनेक वर्षे पहिले आलेले शहर, म्हणून हळहळ अधिकच. मध्य प्रदेशाचे एक मंत्री कैलास विजयवर्गीय यांनी तर, खेळाडूंनी बाहेर पडताना कळवायला हवे होते, यातून त्यांनाही धडा मिळेल, अशा अर्थाचे उद्गार काढले. त्यावर टीका झाली हे खरे. परंतु त्या दोघी सुरक्षारक्षकांना न सांगता बाहेर पडल्या, हे वाक्य कितीतरी बातम्यांत ठळकपणे आलेच. मला विचारावेसे वाटते, भरदिवसा रस्त्याने चालायला परवानगी लागते काय?

अतिथीचा मान राखावा, ही आपली जुनी शिकवण. ती मला अमान्य नाही. आमच्या सोयगाव तालुक्यात अजिंठ्याची लेणी आहेत. फर्दापूरला देशोदेशींचे प्रवासी उतरतात आणि त्यांना कुणी त्रास देऊ नये असे इथल्या प्रत्येकाला वाटते. परंतु पाहुणीला त्रास झाला म्हणजे देशाची अब्रू गेली, आणि गावच्या मुलीला तोच त्रास झाला म्हणजे फक्त तिच्या घराची अब्रू गेली, हा कुठला न्याय?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२३ सालचा अहवाल याच सप्टेंबरच्या अखेरीस प्रसिद्ध झाला. त्या एका वर्षात देशात स्त्रियांविरुद्धच्या सुमारे साडेचार लाख गुन्ह्यांची नोंद झाली, म्हणजे रोज बाराशेहून अधिक. ही झाली केवळ नोंद झालेल्या गुन्ह्यांची संख्या. घरच्या भीतीने जे पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचलेच नाही, त्याचा हिशेब कोण ठेवणार? हा अहवाल आला, एक दिवस छापला गेला आणि मागे पडला. इंदूरची बातमी आली, तेव्हाही या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची गरज फारच थोड्यांना वाटली.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. २०१० साली दक्षिण आफ्रिकेत फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा भरली. त्याआधी कितीतरी महिने युरोपातील, विशेषतः इंग्लंडमधील काही वृत्तपत्रांनी तेथील खून-दरोड्यांची भडक वर्णने छापून प्रेक्षकांना धास्तावून सोडले. तेथील सरकारने स्पर्धेपुरती ५६ खास न्यायालये उभारली. परदेशी पत्रकारांना लुटणाऱ्यांना काही दिवसांतच पंधरा वर्षांची शिक्षा झाली. स्पर्धा एकंदरीत सुखरूप पार पडली, पाहुणे परतले आणि बातम्याही त्यांच्याबरोबर परतल्या. ज्या देशात त्या काळी वर्षाला सोळा हजारांहून अधिक खून होत होते, तेथील सामान्य माणसाला मात्र असा झटपट न्याय कधी मिळाला?

आता आपल्या गावाकडे वळू. बातमी कशी लिहिली जाते याने आमचे काय बिघडते, असे कुणी विचारील. पुष्कळ बिघडते. आमच्या महाविद्यालयात बनोटी, जरंडी, सावळदबारा या बाजूंनी मुली येतात. अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या मोफत पासावर आम्ही बारावीपर्यंत एस. टी.ने आलो. आमच्यापैकी कितीतरी जणी घरातून महाविद्यालयात आलेल्या पहिल्याच. आंतरमहाविद्यालयीन कबड्डीसाठी किंवा खो-खोसाठी बाहेरगावी जायचे म्हटले, की घरी वडीलधारी मंडळी वर्तमानपत्र पुढे करतात. ‘एवढा पोलीस पहारा असलेल्या बायांची ही गत, तर तुझे काय?’ या प्रश्नाला उत्तर नसते. ‘न सांगता बाहेर पडल्या’ एवढेच घरच्यांच्या लक्षात राहते, आणि मुलीचे नाव संघातून कमी होते. गुन्हा करतो एक जण, आणि दार बंद होते ते मुलींचे.

याच स्पर्धेचा अंतिम सामना २ नोव्हेंबर रोजी नवी मुंबईत झाला आणि दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारताने विश्वचषक जिंकला. सांगलीची स्मृती मंधाना, मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज यांची छायाचित्रे पहिल्या पानावर झळकली. आम्हालाही अतिशय आनंद झाला. परंतु मैदानावर पोहोचण्यापूर्वी प्रत्येक खेळाडूला रस्ता ओलांडावा लागतो, हे त्या कौतुकात कुणी लिहिल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

वृत्तपत्रांनी अशा बातम्या छापू नयेत, असे माझे मुळीच म्हणणे नाही. दडपल्याने गुन्हे थांबत नाहीत. बातमी छापलीच पाहिजे, परंतु तिचा रोख बदलला पाहिजे. ती बाहेर का पडली, याऐवजी त्याची हिंमत कशी झाली, हे विचारावे. अटकेची बातमी देणाऱ्याने खटल्याचे पुढे काय झाले, तेही सांगावे. आणि एका दिवसात आरोपी पकडता येतो हे पोलिसांनी दाखवूनच दिले आहे, तर तोच वेग तालुक्याच्या पोलीस ठाण्यात का दिसत नाही, असा जाब चिकाटीने विचारावा.

आपल्यापैकी काही जण उद्या वार्ताहर होतील, काही शिक्षक होतील, आणि वाचक तर आपण सगळेच आहोत. सुरुवात आपल्या महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकापासूनही करता येईल. देशाच्या अब्रूची काळजी जरूर करावी. परंतु सोयगावची मुलगी संध्याकाळच्या गाडीने निर्धास्तपणे घरी पोहोचते की नाही, यावरही ती अब्रू अवलंबून आहे, हे ध्यानात असू द्यावे.