ग्राही आणि दुसरी सुई

गेल्या महिन्यांत मंगळवार पेठेंतील एका स्नेह्यांच्या घरीं त्यांच्या थोरल्या सूनबाईंच्या दुखण्यावरून बराच वाद झाला. सहा वर्षांपूर्वीं त्यांच्या स्तनांतील कर्करोगाची गांठ काढली होती. आतां तोच रोग मणक्यांत दिसला. डॉक्टर म्हणाले, तेथील तुकडा काढून पुन्हां तपासूं. स्नेही म्हणाले, "जुना कागद आहे कीं! मग दुसरी सुई कशाला?" आमचेंही मत विचारण्यांत आलें.

पेशींच्या पृष्ठभागावर वाढीचे निरोप आंत पोंचविणारीं प्रथिनें असतात. त्यांस आम्ही ग्राही म्हणूं. 'ग्राहक' म्हटलें कीं कापडाचें दुकान डोळ्यांपुढें येतें. स्तनाच्या कर्करोगांत शेंकडा १५ ते २० रोग्यांमध्यें 'हर-टू' नांवाचे ग्राही बेसुमार वाढलेले असतात. अशांसाठींच ट्रास्टुझुमॅब हें प्रतिपिंड १९९८ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. परंतु मूळ गांठींत असलेले ग्राही दुसऱ्या ठिकाणीं असतीलच असें नाहीं. नसलेले तेथें उद्भवतात, असेंही कधीं कधीं घडतें. जुना कागद जुन्या गांठीचा, एवढाच त्याचा अर्थ.

मग सुईवांचून सर्व शरीरांतील ग्राही पाहतां येतील काय? त्याच प्रतिपिंडाला झिर्कोनियम-८९ हें किरणोत्सर्गी द्रव्य जोडून तें शिरेंतून देतात. प्रतिपिंड संथपणें पसरतें; झिर्कोनियम मात्र ७८ तासांनीं निम्में होतें, म्हणून चार दिवसांनींही पेट यंत्रास चित्र घेतां येतें. नेहमींच्या पेट तपासणींत फ्लोरिन-१८ जोडलेली साखर देतात. ती पेशींची भूक दाखविते, ग्राही नव्हे. शिवाय फ्लोरिन ११० मिनिटांतच निम्में होतें. सकाळीं मुंबईहून निघालेल्या मात्रेचा दहा तासांनीं कोल्हापुरांत चाळिसावा हिस्साही उरणार नाहीं!

मुंबईस परळ येथें भाभा अणुसंशोधन केंद्राचें किरणवैद्यक केंद्र १९६३ पासून आहे. देशांतील पहिलें पेट यंत्र २००२ सालीं तेथेंच आलें. भाभा केंद्राच्या संशोधकांनीं याच प्रतिपिंडाला ल्युटेशियम-१७७ जोडण्याचे प्रयोगही केले आहेत. तथापि ग्राहींचें चित्रण अद्याप बहुतांशीं संशोधनाच्या कक्षेंत आहे. यकृत स्वतःच प्रतिपिंड शोषून घेतें, त्यामुळें तेथील ठिपके ओळखणें कठीण जातें. तेव्हां आज तरी सुईस पर्याय नाहीं, असें आम्ही स्नेह्यांस सांगितलें.

स्नेही गप्प राहिले. इतका वेळ सूनबाईंचें मत कोणीच विचारलें नव्हतें, आम्हींही नाहीं. त्या माजघराच्या दारांत उभ्या होत्या. "मामंजी, सुई कोणत्या दिवशीं, तेवढें डॉक्टरांना विचारा," एवढेंच त्या म्हणाल्या.